पिसं आणि पावलं

'टॉप हॅट' या जुन्या हॉलिवूडपटातलं 'चीक टू चीक' हे गाणं पुढच्या वेळी लावाल तेव्हा एक करून बघा. नाचणाऱ्या दोघांच्या, फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्सच्या, चेहऱ्यांवरून नजर काढा आणि फरशीकडे बघत राहा. नाच रंगात आला की जिंजर रॉजर्सच्या झग्यातून एखादं पीस सुटतं, हवेत क्षणभर रेंगाळतं आणि मागे चकचकीत फरशीवर पडून राहतं. थोड्या वेळानं आणखी एक. पाहणाऱ्याला एकदा ती पिसं दिसली की नंतर ती दिसायची थांबत नाहीत.

१९३५ सालचा हा चित्रपट आरकेओ स्टुडिओचा. खर्च सहा लाख डॉलरच्या आसपास. एवढा पैसा ओतणाऱ्यांना दोनचार पिसं झाकता आली नसती असं थोडंच आहे? तेवढा तुकडा कापायचा, मधे नायिकेचा चेहरा जवळून दाखवायचा आणि पुन्हा नाचावर यायचं. दुसऱ्या कुठल्याही नाचात असंच केलं गेलं असतं. पण फ्रेड अ‍ॅस्टेअरच्या नाचात मधे काही घुसवायचं नाही, हा हॉलिवूडमध्ये त्यानं आल्या आल्या लावलेला नियम होता. नाच सुरू झाला की दोघं डोक्यापासून बुटापर्यंत चौकटीत दिसली पाहिजेत, आणि शॉट होईल तितका लांब चालला पाहिजे. एक तर कॅमेरा नाचेल नाही तर मी, असं तो म्हणायचा. त्यामुळे चांगल्या साधलेल्या शॉटमध्ये पीस पडलं तर पीस ठेवायचं. ती पिसं म्हणजे त्या नियमाची पावतीच.

त्या झग्याचं प्रकरण हॉलिवूडच्या गप्पांमध्ये नव्वद वर्षं चघळलं गेलंय, पण त्यातली तांत्रिक बाजू सहसा कोणी सांगत नाही. वेशभूषाकार बर्नार्ड न्यूमननं जिंजरच्या कल्पनेवरून तो शिवला: फिकट निळं साटिन आणि त्यावर शहामृगाची पिसं. कृष्णधवल फिल्मवर तो पांढरा दिसतो. शहामृगाचं पीस कोंबडीच्या पिसासारखं ताठ नसतं. त्याचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, सुटे राहतात, म्हणून तर ते हवेच्या झुळकीबरोबर हलतं आणि नाचात सुंदर दिसतं. पण हलणारी प्रत्येक गोष्ट टाक्यावर ताण देते. गिरकी घेतली, पाठीतून मागे वाकलं, जोडीदाराच्या कोटावर घासलं, की टाका सैल होतो. पहिल्याच दिवशी पिसं सेटभर उडाली. अ‍ॅस्टेअरच्या डोळ्यांत गेली, नाकात गेली, काळ्या टेलकोटाला चिकटली. त्याचा पारा चढला. कोंबडीवर कोल्हा पडावा तशी गत झाली, असं काहीसं वर्णन त्यानं नंतर केलं. दिग्दर्शक मार्क सँडरिचनं सुचवलं की तू आपला आधीच्या चित्रपटातला साधा पांढरा झगा घाल. त्यावर जिंजरची आई लीला हिनं, मग दुसरी मुलगी शोधा, असं सुनावलं. मायलेकी निघाल्यासुद्धा.

शेवटी तोडगा निघाला तो सुईदोऱ्याचा. शिवणखात्यातल्या बायकांनी रात्र जागून पीस न् पीस पुन्हा पक्कं टाचलं. दुसऱ्या दिवशी गळती थांबली नाही, पण आवाक्यात आली. आज पडद्यावर दिसतात ती त्यातून उरलेली. अ‍ॅस्टेअर आणि त्याचा नृत्यसहायक हर्मिस पॅन या दोघांनी त्याच गाण्याच्या चालीवर पिसांचं विडंबन रचून जिंजरला ऐकवलं, आणि अ‍ॅस्टेअरनं पुढे तिला सोन्याचं एक छोटं पीस भेट दिलं. ब्रेसलेटला अडकवायचं. तिचं टोपणनाव तेव्हापासून 'फेदर्स'. तेरा वर्षांनी, 'ईस्टर परेड'मध्ये, त्यानं ज्युडी गार्लंडला पिसांच्या झग्यात नाचवून याच फजितीची पडद्यावर नक्कल केली.

हट्ट जिंजरचा बरोबर होता, हे झगा बघितला की पटतं. अ‍ॅस्टेअर थांबतो तेव्हा झगा थांबत नाही. पिसं अर्धा क्षण पुढे जातात आणि मग स्थिरावतात, जणू तानेनंतर तंबोरा वाजत राहावा तशी.

आता कॅमेऱ्याबद्दल. पूर्ण माणूस चौकटीत ठेवायचा म्हणजे लांब जाऊन कॅमेरा रोवायचा, असं वाटेल. तसं केलं तर नाचणारी माणसं बाहुल्यांएवढी दिसतात आणि चेहऱ्यावरचं काही कळत नाही. या जोडीच्या चित्रपटांसाठी एक खास गाडी वापरत, तिला सेटवर 'अ‍ॅस्टेअर डॉली'च म्हणायचे. बारीक चाकं, आणि भिंग जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. गाडीवर फक्त दोघं: कॅमेरा चालवणारा आणि फोकस बदलणारा. भिंग ४० मिलिमीटरचं. या भिंगात मोकळीक फार नसते. नाचणारे दोन पावलं पुढे आले की बूट चौकटीबाहेर, मागे गेले की माणसं लहान. म्हणून ते पुढे आले की गाडी मागे, ते मागे गेले की गाडी पुढे, आणि अंतर कायम तेवढंच. हे सगळं एक माणूस हातानं ढकलून करायचा. त्याला नाच पाठ असावा लागे. श्रेयनामावलीत त्याचं नाव शोधू नका.

एवढ्या खाली भिंग ठेवण्याचं कारण सोपं आहे. वरून बघितलं तर माणूस बुटका होतो आणि फरशी मोठी होते. खालून बघितलं की पाय लांब दिसतात आणि डोक्यावर थोडी हवा राहते. अ‍ॅस्टेअर पाच फूट नऊ इंच, सडपातळ. पडद्यावर तो उंच वाटतो, त्यात या दोन फुटांचा वाटा आहे आणि त्याच्या शिंप्याचाही. लंडनच्या अँडरसन अँड शेपर्डकडे कपडे शिवून घेताना तो दुकानातच नाचून बघायचा, कॉलर मानेपासून सुटतेय का ते. साधा कोट घालून हात वर करा, सगळा कोट खांद्यावर चढतो आणि मानेमागे फट पडते. बाहीचा मुंढा काखेत उंच आणि लहान कापला तर हात हलतो आणि कोट जागच्या जागी राहतो. आणखी एक लपवाछपवी: त्याचे तळहात देहाच्या मानानं मोठे होते, म्हणून नाचताना मधली दोन बोटं तो आत दुमडून ठेवायचा. एकदा सांगितलं की तेही प्रत्येक वेळी दिसतं.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? तंत्राचा हट्ट म्हणून मान्य, पण 'टॉप हॅट'मध्ये या अखंड शॉटला कथानकात काम आहे, आणि ते लक्षात आलं की चित्रपट वेगळाच दिसायला लागतो.

कथानक अगदी पातळ आहे. जेरी ट्रॅव्हर्स हा अमेरिकन नर्तक होरेस हार्डविक नावाच्या निर्मात्याच्या कार्यक्रमासाठी लंडनला येतो. हॉटेलात खालच्या मजल्यावर डेल ट्रेमॉन्ट राहतेय. दोघांची गाठ पडते, तो प्रेमात पडतो, तिच्या मागे मागे फिरतो, आणि स्वतःचं नाव सांगायचंच विसरतो. डेलला एवढंच कळतं की आपल्या मैत्रिणीचा, मॅजचा, नवरा (म्हणजे होरेस) याच हॉटेलात उतरलाय. कोणता तो, असं ती विचारते तेव्हा हॉटेलचा माणूस सांगतो, वरच्या सज्जात ब्रीफकेस आणि काठी घेतलेले गृहस्थ दिसतात ना, तेच. नेमकं त्या मधल्या काही सेकंदांत होरेसला फोन येतो आणि तो ब्रीफकेस आणि काठी जेरीच्या हातात देऊन जातो. डेल वर बघते. झालं. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये एका तसबिरीनं जे केलं तेच इथे एक ब्रीफकेस आणि एक काठी करते. पुढचा तासभर एका वाक्यानं मिटला असता असा गोंधळ, आणि ते वाक्य बोलायला कोणालाच उसंत मिळत नाही.

एवढ्यावर चित्रपट कसा टिकतो याचं उत्तर मला असं वाटतं: इथे बोलणं सगळं फसवं आहे. नाव, निरोप, तार, शपथा, लग्नसुद्धा. माणसं तोंड उघडतात आणि घोळ वाढतो. नाचायला लागली की मात्र दोघांना एकमेकांचं सगळं कळतं. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की कथानक विंगेत जाऊन बसायचं, दोन वन्समोअर होऊन गायक घाम पुसायला लागला की मग परत यायचं. इथे उलट, प्रेमाची गोष्ट नाचातच पुढे सरकते आणि संवादात मागे पडते. मग नाच विश्वासाचा हवा. त्यात कापाकापी केली, पाय एकाचे आणि चेहरा दुसऱ्या शॉटमधला असं केलं, तर त्याचीही साक्ष संवादांसारखीच संशयाची होईल.

सुरुवातीलाच याची खूण आहे. लंडनमधला एक क्लब. वर्तमानपत्राचा कागद वाजला तरी म्हातारे सभासद डोळे वटारतात. जेरी आरामखुर्चीत अवघडून बसलाय. निघताना दारात वळतो आणि संगमरवरावर टॅपची, म्हणजे बुटाखालच्या धातूच्या पट्टीनं वाजवायच्या नाचाची, एकच फैर झाडून जातो. एक शब्द नाही.

मग हॉटेलातलं 'नो स्ट्रिंग्ज'. मला कोणाचा पाश नको, असं गात तो होरेसच्या खोलीभर नाचतो, फर्निचर थापटतो, आणि खालच्या खोलीत झोपलेल्या डेलच्या अंगावर छताचा गिलावा पडतो. नियमाला इथे अपवाद केलाय, नाच सोडून कॅमेरा खाली तिच्याकडे जातो, कारण विनोदच दोन मजल्यांचा आहे. ती चिडून वर येते, जाते. आणि आता तो पिकदाणीतली वाळू जमिनीवर पसरतो आणि तिच्यावर हलक्या पावलांनी नाचू लागतो, तिला झोप लागावी म्हणून. तिकडच्या बाळगोष्टींत डोळ्यांत वाळू टाकून झोपवणारा एक बुवा असतो, हा तोच झाला. टॅपची धातूची पट्टी वाळूवर घासली की खट्ट असा आवाज येत नाही, स्स-स्स येतो, झाडूसारखा. खाली डेल पेंगते. होरेसही खुर्चीत पेंगतो. शेवटी नाचणाऱ्यालाच झोप येऊ लागते. प्रेमाचं पहिलं विधान हे: तुला त्रास होतोय तर माझ्या पायांचा आवाज कमी करतो.

बागेतला बँडस्टँड हा या चित्रपटातला मला सगळ्यात आवडणारा भाग. 'चीक टू चीक'चं नाव जास्त, पण बांधणी इथली जास्त पक्की. घोडेस्वारीला निघालेली डेल पावसात अडकते आणि बँडस्टँडच्या छपराखाली थांबते. तिच्या अंगावर स्वारीचे कपडे, म्हणजे पँट. एरवीच्या झग्यात अर्धी पावलं लपतात. इथे एकही लपत नाही. जेरी गातो, 'इझन्ट धिस अ लव्हली डे', आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसते. आपल्याला तिचा चेहरा दिसतो, त्याला नाही. चेहरा विरघळतो, पाठ ताठच. गाणं संपतं. तो शीळ घालत सहज फेरी मारतो. ती उठते, हात खिशात घालते आणि त्याच्या मागे त्याचीच चाल चालून दाखवते. चेष्टा म्हणून. तो एक पाऊल टाकतो, ती तेच परत करते. तो जरा अवघड करतो, ती तेही परत करते आणि वर एक आपलं घालते.

इथे लक्षात घ्या, स्पर्श नाही. बराच वेळ दोघं शेजारी शेजारी नाचतात, तबला आणि पखवाज समोरासमोर बसावेत तसे. मग गडगडाट होतो आणि लय एकदम दुगुणीत जाते. ढगाचा आवाज नुसता वातावरणासाठी नाही, तालाचा ठोका म्हणून बसवलाय. त्यानंतर कुठे हात हातात येतात, आणि तेही गिरकीच्या वेगात, जणू पडू नये म्हणून. नाच संपल्यावर दोघं बँडस्टँडच्या कडेला बसतात, पावसात हात काढून बघतात आणि हस्तांदोलन करतात. बरोबरीच्या दोन कारागिरांनी करावं तसं. तिला अजून त्याचं नाव माहीत नाही. चुंबन तर या चित्रपटात कुठेच नाही. जोडीचं पहिलं खरंखुरं चुंबन १९३८ च्या 'केअरफ्री'पर्यंत लांबलं. तोवर ते काम पायांनीच केलं.

नाच बसवायची पद्धतही सांगायला हवी. शूटिंगच्या कितीतरी आठवडे आधी अ‍ॅस्टेअर, हर्मिस पॅन आणि पियानोवर हॅल बॉर्न असे तिघं रिकाम्या खोलीत कोंडून घ्यायचे. जिंजर बहुधा दुसऱ्या चित्रपटात गुंतलेली, म्हणून तिच्या जागी पॅन नाचायचा. नाच बसला की पॅन तिला तिची पावलं शिकवायचा, त्या वेळी तो अ‍ॅस्टेअर व्हायचा. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रेमिकांच्या नाचाचा पहिला खर्डा दोन पुरुषांनी घामेजल्या बनियनात केलेला.

आणि इथे माझ्या 'नाच खोटं बोलत नाही' या सिद्धांताला एक खिळा ठोकायला हवा. आपण ऐकतो तो टॅपचा आवाज त्या वेळचा नाही. सेटवर आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं भोंग्यावर मोठ्यानं लावलेलं असायचं. तिथे मायक्रोफोन ठेवला तर पायांबरोबर भोंगाही टिपला जाणार. शिवाय दिसायला सुंदर फरशी आवाजाला सुंदर असतेच असं नाही. म्हणून चित्रीकरण झाल्यावर पडद्यावर नाच लावायचा, कानाला हेडफोन लावायचा, आणि लाकडी फळीवर तीच पावलं त्याच क्षणी पुन्हा वाजवायची. अ‍ॅस्टेअर आपली स्वतः वाजवायचा. जिंजर तोवर पुढच्या कामाला गेलेली, त्यामुळे तिची पावलं वाजवायचा हर्मिस पॅन. ओठ एकीचे आणि आवाज दुसरीचा, याची आपल्याला सवय आहे. इथे पाय एकीचे आणि खटखट दुसऱ्याची.

फरक ऐकायचा असेल तर त्याच वर्षीच्या 'रॉबर्टा'मधलं 'आय विल बी हार्ड टू हँडल' ऐका. ते लाकडी जमिनीवर जागेवरच ध्वनिमुद्रित केलं. पावलं थोडी ओबडधोबड, आणि मधेच दोघं खरोखर हसतात ते हसूही राहिलंय. 'टॉप हॅट'मध्ये प्रत्येक ठोका घासून लख्ख केलेला आहे. मला लख्ख आवडतं, पण ते हसू इथे नाही याची चुटपुट लागते.

गाणी अर्व्हिंग बर्लिनची, पाचच. या गृहस्थांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. पियानो ते वाजवायचे तो एकाच पट्टीत, पेटीच्या हिशेबानं काळी तीन, कारण काळ्या पट्ट्या उंच असतात आणि बोटं घसरत नाहीत. दुसरी पट्टी हवी असेल तर त्यांच्या खास पियानोला एक दांडा होता, तो सरकवला की वाजवायचं तेच आणि वाजायचं वेगळ्या पट्टीत. आपल्या स्केल चेंजर पेटीचाच प्रकार. लिहून घ्यायला मदतनीस. असा माणूस साचेबंद गाणी लिहील असं वाटतं. त्या काळचा साचा ३२ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा गट). 'चीक टू चीक' आहे ७२ बारांचं: सोळा, सोळा, आठ, आठ, मग आठ बार एकदम गडद सुरात, माझ्याबरोबर नाच अशी थेट मागणी, आणि पुन्हा सोळा. ही लांबी नाचणाऱ्याला फार कामाची. पुन्हा मुखड्यावर आलं की प्रेक्षकाला घरी आल्यासारखं वाटतं, तोवर नाचाला लांब फिरून येता येतं. अ‍ॅस्टेअरचा गळा तसा पातळ, वरच्या सुराला तो ताणतो, तेही ऐकू येतं. पण शब्द असा टाकतो की बर्लिनसकट त्या पिढीचे सगळे मोठे गीतकार त्याच्यासाठी लिहायला टपलेले असत.

शीर्षकगीताचा नाच वेगळ्या जातीचा. टोपी, पांढरा टाय, टेलकोट घातलेल्या पुरुषांची रांग, आणि अ‍ॅस्टेअर काठी बंदुकीसारखी धरून एकेकाला टिपतो. गोळीचा आवाज पायाचा किंवा काठीचा. कल्पना त्याची जुनी, १९३० च्या ब्रॉडवेवरच्या एका पडलेल्या प्रयोगातून वाचवलेली. हा एकाच शॉटमध्ये असल्यासारखा भासतो, पण तुकडे जोडलेले आहेत. काठी हे चंचल हत्यार: फेकली, उसळली, अर्ध्या ठोक्यानं उशिरा हातात आली की शॉट गेला. वैतागून अ‍ॅस्टेअरनं डझनभर काठ्या मोडल्या. शेवटचा एक जण काठीला दाद देत नाही म्हणून तो काठीचा धनुष्य करून बाण मारतो. छान आहे. पण डेल त्यात नाही आणि गोष्टही नाही. कारागिरीची जत्रा म्हणून बघायचं आणि पुढे जायचं.

आता पुन्हा पिसांकडे. गोष्ट लंडनहून व्हेनिसला आलीय. 'चीक टू चीक'च्या वेळी परिस्थिती काय आहे ते ध्यानात ठेवा. डेलच्या मते हा माणूस मॅजचा नवरा. आणि मॅज, जिला जेरी आणि डेलचं जुळवून द्यायचंय, समोर बसून खुणा करतेय: आणखी जवळ, आणखी जवळ. डेल चक्रावते. बायकोलाच चालतंय तर मी कशाला अवघडू, असं काहीसं ठरवून ती गाल टेकवते. मॅज झालेल्या हेलन ब्रॉडरिकनं ती खूण अशा निर्विकार चेहऱ्यानं केलीय की हा सगळा प्रसंग तिच्या भुवईवर तोललेला आहे.

गर्दीत गाणं होतं, मग दोघं पुलावरून एका रिकाम्या गच्चीवर येतात. इथून जिंजरचं काम बघा. 'उलट्या पावलांनी आणि उंच टाचांत' हे तिच्याबद्दलचं सुप्रसिद्ध वाक्य बॉब थेव्ह्ज यांच्या १९८२ च्या एका व्यंगचित्रातलं. वाक्य चटकदार आहे, पण तिचं मोठेपण टाचांच्या हिशेबात सापडत नाही. अ‍ॅस्टेअरला पुढे तिच्यापेक्षा तयार नर्तकी मिळाल्या. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी नाच सुरू झाला की नाचायला लागायच्या. जिंजर अभिनय चालूच ठेवायची. इथे ती तीनदा पाठीतून खोल मागे वाकते. पहिल्या वेळी शरीर थोडं राखून आहे. शेवटच्या वेळी मान पूर्ण सोडलेली. या दोन वाकण्यांमध्ये डेलनं काय ठरवलं ते कुठल्याही संवादात नाही. नाच संपतो तेव्हा दोघं भिंतीला टेकून उभी, ती त्याच्याकडे बघत राहते, पिसं स्थिरावतात.

मग तो तोंड उघडतो. लग्नाची मागणी घालतो. विवाहित पुरुषानं! ती त्याच्या थोबाडीत देते.

व्हेनिसचा सेट दोन स्टुडिओ जोडून उभारला होता. कलाविभागाचा प्रमुख वॅन नेस्ट पोल्ग्लेझच्या देखरेखीखाली कॅरोल क्लार्कनं तो केला: वळणदार कालवा, पूल, तीन पातळ्यांवर नाचाच्या जागा, उपाहारगृहं आणि गच्च्या. नाचायचा चौक लाल बेकलाइटचा, म्हणजे त्या काळच्या एका कडक प्लास्टिकचा. कालव्याचं पाणी काळं रंगवलेलं, नाहीतर पांढऱ्या इमारतींपुढे ते फिल्मवर पाणी म्हणून उठलंच नसतं. बेकलाइट आरशासारखं चमकतं, पण बुटाचा प्रत्येक ओरखडा दाखवतं; त्यामुळे शॉटच्या क्षणापर्यंत पुठ्ठे अंथरलेले, आणि दोन टेकच्या मधे पुसापुशी. एवढा खर्च केल्यावर तो दाखवायची हौस येणारच. गोंडोलांची मिरवणूक, उत्सव, सगळं भरपूर चित्रित केलं. जुलैमधल्या चाचणी-खेळांत प्रेक्षक चुळबुळले आणि दहाएक मिनिटं, मुख्यतः हीच, कापली गेली. आणखी चारेक मिनिटं गेली तेव्हा तो ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला आणि तिथले विक्रम मोडले. कात्री नाचाला लागली नाही, सेटला लागली. बरोबरच झालं. ऑस्करची चार नामांकनं मिळाली, बाहुली एकही नाही. अ‍ॅस्टेअरला मानद ऑस्कर १९५० मध्ये मिळालं, ते द्यायला जिंजर उभी होती. तिच्याकडे तोवर 'किटी फॉइल'चं स्वतःचं होतं.

'द पिकोलिनो' या शेवटच्या गाण्यावर बर्लिननं बाकी सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त मेहनत घेतली. अ‍ॅस्टेअरला ते आवडलं नाही, त्यानं ते जिंजरच्या गळ्यात घातलं. गाणं व्हेनिसचं, पण त्यातली ती चाल कोणी रचली, तर ब्रुकलिनच्या गोंडोलावाल्यानं. कॅमेरा इथे वर जातो, समूहाची नक्षी दाखवतो, आणि नाच थोडा पातळ होतो. वर गेलेल्या कॅमेऱ्याला पावलं दिसत नाहीत, दुसरं काय होणार.

उलगडा मात्र चोख आहे. रागाच्या भरात डेलनं आपल्या इटालियन ड्रेसवाल्याशी, बेदिनीशी लग्न केलेलं असतं. एरिक ऱ्होड्सनं तो बेदिनी इतका फुगवून केला की मुसोलिनीच्या इटलीत चित्रपटावर बंदी आली. पण ते लग्न लावणारा पाद्री म्हणजे होरेसचा नोकर बेट्स, कॉलर उलटी करून आलेला. लग्नात उच्चारलेले सगळे शब्द बाद. बेट्स झालेला एरिक ब्लोर हे सांगतो तेव्हा चेहऱ्यावर अपराधापेक्षा कामगिरीचा आनंद जास्त. खुलासे भराभरा, घाईत उरकले जातात, कोणालाच त्यात फार रस नाही. मग जेरी आणि डेल पिकोलिनोच्याच चालीवर थोडंसं नाचतात, अर्ध्या मिनिटाचंच काम, आणि बोलणं पूर्ण थांबलेलं असतं.